व्यवसायाचे मुख्य ठिकाण

पुंजाराममामांच्या कंपनीला काय कमी होतं? नाव होतं, गोल शिक्का होता, पॅनकार्ड होतं, संचालक मंडळ होतं. मंडळाच्या पहिल्या सभेचं इतिवृत्तसुद्धा होतं आणि त्यात 'अध्यक्षांनी सर्वांचे स्वागत केले' असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात अध्यक्ष, म्हणजे मामा, त्या वेळी मेंढीच्या खुरातला काटा काढत होते आणि आलेल्यांना ते 'पाय धरा जरा तिचे' एवढंच म्हणाले होते. पण परतूरच्या बिभीषणरावांचं म्हणणं असं, की कंपनी कायद्यात याला स्वागतच म्हणतात.

बिभीषणराव करसल्लागार. स्टेशन रोडला त्यांचं दुकान आणि दुकानात एक फिरती खुर्ची, जी फिरत नसे. गिऱ्हाइकाचं काम होणार असेल तर ते 'होऊन जाईल' म्हणत आणि होणार नसेल तर 'बघू, होऊन जाईल' म्हणत. जुन्या गिऱ्हाइकांना यातला फरक कळे. पुंजाराममामा नवे होते.

कंपनी निघाली ती सुनेच्या डोक्यातून. सून दैवशाला बारावी झालेली. सासरचा धंदा पिढीजात: दिवसा मेंढरं चारत हिंडायचं आणि रात्री कुणाच्या तरी मोकळ्या शेतात बसवायची. कळप रातभर बसला की लेंड्या आणि मूत मातीत जिरतं, शेताला खत होतं आणि शेतकरी त्या बदल्यात ज्वारी घालतो. काही रात्री झाल्या की पुढचं शेत, पुढचं गाव. दैवशालानं लग्न होऊन आल्यावर पाहिलं, की कोकरांच्या जाळीतली लेंडी रोज झाडून बांधावर फेकली जाते. तिनं ती वाळवली, पोत्यात भरली आणि फोनवर फोटो टाकला. नाशिककडच्या एका खतव्यापाऱ्यानं लगेच विचारलं. माल एक नंबर आहे म्हणाला, मिळेल तेवढा उचलतो म्हणाला, पण जीएसटीचा नंबर पाहिजे. नंबरासाठी कंपनी पाहिजे आणि कंपनीसाठी सभासद पाहिजेत. म्हणून भाऊबंदांनी सह्या-अंगठे दिले आणि ते भागधारक झाले, दैवशाला संचालक झाली. त्यातल्या बऱ्याच जणांची आजही समजूत आहे, की ते रेशनचं काम होतं.

या कंपनीत खरा जीव कुणाचा अडकला असेल तर तो मामांचा, आणि त्याला कारण त्यांचा मुलगा सोमेश्वर. सोमेश्वरनं मेंढरं विकून पुण्याला वॉचमन व्हायचं ठरवलं होतं. चराईची रानं आटत चाललेली, ज्याच्या-त्याच्या बांधाला तारा. बायकोची कंपनी निघाली तेव्हा तो बापाला म्हणाला, "एक साल बघू, आबा. नंबर हाये तवर मेंढरं हायेत. नंबर गेला की मी यापाऱ्याला फोन करतो. मंग मला कुनी आडवायचं न्हाई."

हा व्यापारी खताचा नव्हे. हा ट्रक घेऊन येतो आणि मेंढ्यांच्या पाठी दाबून बघतो.

नंबर मिळाला, पोत्यांचे दोन टेम्पोही गेले. गडबड झाली होती ती आधीच, अर्ज भरताना.

"व्यवसायाचे मुख्य ठिकाण?" बिभीषणरावांनी विचारलं होतं.

"म्हंजी?"

"म्हणजे तुमचा धंदा कुठं असतो, मामा?"

"सध्या वाटूरला. परमेश्वरच्या रानात."

खरं बोलणाऱ्या माणसाचं असं होतं. बिभीषणरावांनी 'सध्या' गाळला आणि बाकीचं टाइप केलं. घराचा पत्ता देता आला असता, पण घराचा उतारा मामांच्या चुलत्याच्या नावावर आणि चुलता देवळाच्या पायरीवर भेटला तरी देवाकडेच बघतो. उलट वाटूरचा परमेश्वर खुशीत होता. त्याच्या शेतात मेंढरं बसलेली, थोड्या ज्वारीत रान सोनं होत असलेलं. त्यानं संमतीपत्र दिलं, वीजबिलाची झेरॉक्स दिली आणि वरून चहा पाजला.

दैवशालानं पत्र्याची पाटी रंगवून आणली: कंपनीचं नाव, नंबर, पत्ता. नियमानं ती व्यवसायाच्या ठिकाणी दर्शनी भागात लावायची असते. मामांनी ती परमेश्वरच्या बांधावरच्या लिंबाला टांगली. मग वाटूरच्या रात्री संपल्या. बिऱ्हाड हललं, तसं सोनूबाईनं लिंबाची पाटी काढली आणि घोड्यावर पातेल्यांच्या शेजारी बांधली. सोनूबाई मामांची बायको. बिऱ्हाडाचा घोडा कायम तिच्या हातात. कंपनी निघाली तर पाटी मागं ठेवून कशी चालेल, एवढा साधा विचार तिनं केला, आणि त्यात चूक काय ते अजून तिला कुणी नीट समजावून सांगू शकलेलं नाही.

तपासणीला जालन्याहून मोनिका मॅडम आल्या, तेव्हा परमेश्वरच्या शेतात नांगरट होती आणि लिंबावर एक खिळा होता. मॅडमनी नांगरटीत मध्यावर उभं राहून लांबच्या खिळ्याचा फोटो काढला. अहवाल गेला: 'नोंदणीकृत ठिकाणी व्यवसाय अस्तित्वात नाही.'

नोटीस दैवशालाच्या ईमेलवर आली आणि तिथंच पडून राहिली, कारण कळप दुधना नदीच्या कडेकडेनं आष्टीच्या अंगाला गेलेला आणि तिकडे फोनला रेंज मिळते ती फक्त बांधावरच्या बाभळीवर चढून. दैवशालानं बाभळीखालून फोन वर धरला तेव्हा सगळं एकदम आलं: दोन लग्नांची आमंत्रणं, खतव्यापाऱ्याचा 'माल कधी' आणि नोंदणी रद्द का करू नये याचा खुलासा सोमवारपर्यंत देण्याबद्दलची ती नोटीस.

तो दिवस बुधवार होता. सासरा-सून पहिल्या जीपनं परतूरला गेले.

"बघू," बिभीषणराव म्हणाले, "होऊन जाईल."

दैवशालानं 'बघू' ऐकलं. तिला आता फरक कळायला लागला होता.

खुलासा तयार झाला. 'आमची कंपनी अस्तित्वात असून ती यापूर्वीही अस्तित्वात होती.' मामांनी तो वाचून घेतला आणि दोनदा विचारलं, "हे कागदावर ल्ह्यावं लागतंय? मी इथं बसून राह्यलो ना तुमच्या म्होरं."

"मामा, तुम्ही आहात. कंपनी नाही."

"मंग ही पोती कुनी धाडली नाशकाला?"

"ती गेल्याचं बिल आहे. पण ती वाटूरवरनं निघाल्याचा पुरावा नाही. मेंढरं तिथं बसली याचा काही कागद?"

मामा म्हणाले, "रानानं खाल्लंय की समदं. नांगरून टाकलं बगा परमेश्वरनं."

पुरावा जमिनीत गेला होता आणि तो जितका चांगला मिसळला तितका तो नाहीसा झाला होता. बिभीषणरावांनी मॅडमना फोन लावला. मॅडम बिचाऱ्या नव्या, पहिलीच नेमणूक, आणि आवाजावरनं भल्या वाटल्या. म्हणाल्या, शनिवारी सकाळी परत येते. दैवशालानं फोन घेतला.

"म्याडम, तुमी आष्टीला या ना. कळप हितं हाये. समद्या मेंढ्या दाखवते."

"ताई, माझा विश्वास आहे हो. पण माझ्या ॲपचा नाही. नोंदलेल्या पत्त्यावर उभं राहिल्याशिवाय ते फोटोच घेत नाही."

"मंग पत्ता बदलून आष्टीचा टाकू."

"टाका. पण त्याची तपासणी होईपर्यंत तुम्ही आष्टीला असाल का?"

दैवशालानं सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्यानं बोटानं दूर कुठं तरी दाखवलं. तो पाथरीचा रस्ता होता.

बिभीषणरावांनी मार्ग काढला. चार मेंढ्या टेम्पोत घाला, शनिवारी वाटूरला उभ्या करा, पाटी टांगा, फोटो झाला की परत आणा. होऊन जाईल. हा सल्ला खरोखर चांगला होता, आणि मामांनी तो मानला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण अर्जात 'मेंढ्यांचा कळप' लिहिलं होतं.

"चार मेंढ्या म्हंजी कळप का, बिभीषणराव? यकदा खोटं पडलोय. आता बिलकुल खोटं नगं. समदी नेतो."

"मामा, शनिवारपर्यंत? एवढ्या उन्हात?"

"जल्दी चालू."

आष्टीच्या शेतकऱ्याला ठरलेल्या रात्री देता आल्या नाहीत, तो तोंडाला येईल ते बोलला. मामांनी ऐकून घेतलं. सोनूबाईनं घोड्यावर पातेली बांधली, पाटी बांधली, थकलेली दोन कोकरं पाटीच्या बाजूला झोळीत घातली. मेंढरू चरत चालतं, तेच त्याचं चालणं. ही मात्र हाकलत न्यायची होती. दुपारी डांबर पायाला चिकटायचं. पाणी होतं ते बोअरचं, आणि बोअरवाले कळप बघूनच मोटार बंद करायचे. परतूरच्या पुढं एक म्हातारी मेंढी बसली ती उठली नाही. सोमेश्वर तिच्याजवळ थांबला. मग मागून आला तो एकटाच आला.

"आबा, मी सांगून राह्यलो तुमाला. वाटूरवरनं जर न्हाई जमलं, तर तिथनंच फोन लावतो. ट्रक तिथंच येईल. परत चालवायचं न्हाई मला ह्यांना असं."

मामा पुढं चालत राहिले. सोनूबाई घोड्याच्या कानाजवळ बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नंबर वाचवायला निघालो, आन् ज्याच्यासाठी नंबर घेतला तेच मारून राह्यलो. लय शानी कंपनी हाये ही."

शनिवारी उजाडता कळप वाटूरला पोचला आणि परमेश्वरच्या बांधावर उभा राहिला. परमेश्वर शेतातून हात पसरून पळत आला.

"थांबा! आरं थांबा! मामा, कपाशी हाये!"

खरंच होती. ठिबकच्या नळ्या सरळ रेषेत, आणि नळ्यांच्या कडेनं दोन-दोन पानांची कपाशी. लेंडीखतावरची, काळीशार. त्या रानात मामांनीच जीव ओतला होता आणि आता त्यावर पाय ठेवायची सोय उरली नव्हती.

"परमेश्वर, फक्त फोटोपुरतं," मामा म्हणाले. "म्याडम येत्यात. त्यांच्या मिशिनीला हीच जागा लागती."

"बांधावर काढा ना फोटो."

"बांधावर कंपनी न्हाई. कंपनी तुझ्या कपाशीत हाये."

परमेश्वरनं कपाळाला हात लावला. वाईट माणूस नव्हता. त्यानं संमतीपत्र दिलं तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण मेंढरांना संमती देतोय. जागेला कायमचं काही चिकटतं, हे चहा पाजताना त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मोनिका मॅडम जीपमधून उतरल्या आणि बांधावरचा कळप बघून त्यांचा चेहरा उजळला. "अहो, आहे की धंदा!" मग त्यांनी मोबाईल काढला आणि चेहरा पडला. ॲपमधला पत्त्याचा बिंदू शेताच्या मध्यावर होता. बांधावरून ॲप म्हणत होतं, आपण ठिकाणापासून दूर आहात. मॅडम कडेकडेनं चालून पाहिल्या, टाचा उंच करून पाहिल्या.

"आत जावं लागेल," त्या म्हणाल्या. "मी, पाटी आणि संचालक. मेंढ्या मागं दिसल्या तरी चालेल."

परमेश्वर म्हणाला, दोघीच जा, नळ्यांमधून पाय टाका, आणि जनावर एक आत येता कामा नये. ठरलं. सोनूबाईनं घोड्यावरची पाटी सोडून दैवशालाच्या हातात दिली. सोमेश्वर, मामा आणि परमेश्वर तिघं काठ्या आडव्या धरून कळपापुढे उभे राहिले. इथपर्यंत बरोबर चाललं होतं.

दैवशाला बिंदूवर पोचली. पाटी छातीशी धरली. मॅडमनी फोन वर केला, मग खाली घेतला.

"ताई, यात फक्त तुम्ही आणि पाटी दिसताय. कुणी विचारलं, धंदा कसला, तर? एखादं पिल्लू तरी घ्या ना हातात."

सोनूबाईनं झोळीतलं एक कोकरू उचललं आणि सुनेला नेऊन दिलं. मेंढरांत जन्म गेलेल्या बाईनं हे करायला नको होतं. पण दोन दिवसांचं चालणं, डोक्यात नंबर आणि समोर साहेबाच्या जागी पोरगी, जी 'ना' लावून बोलते. कोकरू सुनेच्या हातात गेलं, त्यानं मान वर केली आणि आईला हाक मारली.

आई कळपात पुढेच होती. तिनं मामांच्या काठीवरून उडी घेतली. एक मेंढी गेली की दुसरीला कारण लागत नाही. मामा 'हर्र हर्र' करत राहिले, सोमेश्वर आडवा पडला, परमेश्वर नुसता ओरडला. कळप त्याच्या दोन्ही बाजूंनी गेला, जसं पाणी दगडाच्या दोन्ही बाजूंनी जातं, आणि दोन दिवसांच्या उपाशी मेंढरांनी मान खाली घातली.

मॅडमनी घाबरून बटण दाबलं. ॲपनं फोटो घेतला.

असा फोटो त्या कार्यालयात कधी आला नसेल. मध्यभागी पाटी, पाटीमागं संचालक, संचालकाच्या काखेत कोकरू, चहूकडं कळप, कळपाच्या तोंडात हिरवं, आणि कोपऱ्यात जागामालक, दोन्ही हात डोक्यावर. व्यवसाय चालू असल्याचं इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं.

कळप बाहेर काढला तोवर शेताची एक बाजू साफ झाली होती. परमेश्वर बांधावर बसला. तो शांतपणे म्हणाला, आणि त्या शांतपणाचीच भीती वाटली, "मामा, तुमचं-आमचं संपलं. म्याडम, ते संमतीपत्र माझं हाये ना? मला ते वापस पाहिजे. आत्ता ल्हून देतो, ह्या कंपनीचा माझ्या रानाशी संबंध न्हाई."

मॅडम गोंधळल्या. "तसं लिहून दिलंत तर... मग ठिकाणच राहत नाही. मग मला हा फोटो..." म्हणजे नंबर जाणार होता.

सोमेश्वरनं खिशातून फोन काढला. मामांनी ते बघितलं आणि नजर खाली घातली. या माणसानं आयुष्यात कुणाला काही मागितलं असेल तर फक्त रात्रभर बसायला जागा. आता तो परमेश्वरच्या पायाशी वाकला. परमेश्वरनं पाय मागे घेतले.

"लाज नगा आनू मामा. माझी कपाशी उठंल का त्यानं?"

"मी उठवते," सोनूबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"जिथं-जिथं खाल्लंय तिथं मी नवी सरकी टोबून लावते. पानी बगते, खुरपते. तुला मजूर मिळना झालेत, मला ठाऊक हाये. तुझं रोप डोळ्याला दिसंस्तोवर मी हितनं हालत न्हाई."

"आन् मेंढरं?"

"मेंढरं जातील. मी ऱ्हाते." मग मॅडमकडे वळून, "आवं बाई, कंपनीचं यक मानूस कायम हितं बसलं, पाटी धरून, तर चालतंय का तुमच्यात?"

मॅडमच्या डोळ्यांत आलेलं पाणी गहिवराचं की उन्हाचं, सांगता येत नाही. "चालतं, आजी. उलट... राहायलाच पाहिजे कुणीतरी. पुन्हा तपासणी होऊ शकते. मी नसले तर दुसरं कुणी येईल."

"कव्हा?"

"ते सांगून येत नाहीत."

परमेश्वरनं मातीचं ढेकूळ बोटांत फोडलं. मग म्हणाला, "संमतीपत्र ऱ्हाऊ द्या. लिंबाखाली ऱ्हावा. आखाड्यावरच्या खोपीतलं पानी घ्या." सोमेश्वरनं फोन खिशात ठेवला. कंपनी वाचली होती. हे कुणाच्या तोंडावरून कळलं नसतं.

बिभीषणरावांनी संध्याकाळी फोनवर सांगितलं, की आता कागदोपत्री कसलीही अडचण नाही.

लग्न झाल्यापासून सोनूबाई कळपामागं चालत आली होती. सोमेश्वर तिला मंठ्याच्या रस्त्यावर झाला, आणि तिसऱ्या दिवशी ती त्याला झोळीत घालून पुढच्या मुक्कामाला निघाली होती. मामांनी तिला कधी 'चल' म्हटलं नव्हतं, कारण म्हणायची वेळ आली नव्हती. आता 'ऱ्हा' कसं म्हणायचं ते त्यांना येईना. त्यांनी लिंबाच्या खिळ्याला पाटी टांगली, पुन्हा काढली, दगडानं खिळा ठोकून पक्का केला आणि पुन्हा टांगली. ती उडी घेतलेली मेंढी आणि तिचं कोकरू मागं ठेवलं. व्यवसाय दिसावा म्हणून.

"खाशील ना येळंवर?" मामा म्हणाले.

"तुमी जावा. उन्हं उतरली."

कळप निघाला. घोडा निघाला नाही. त्याचा कासरा सोनूबाईशिवाय कुणी धरलेला नव्हता. दैवशालानं ओढलं, मामांनी मागून थाप मारली, सोमेश्वर शिव्या देऊन दमला. घोडा लिंबाकडे मान करून उभा. शेवटी सोनूबाईनं त्याच्याकडे पाठ केली, पदर कमरेला खोचला आणि कपाशीच्या शेतात आत, खूप आत, पार पलीकडच्या खोपीआड चालत गेली. ती दिसेनाशी झाली तेव्हा कुठं घोड्यानं पाय उचलला.

कंपनी आता व्यवस्थित आहे. पोती जातात. पोर्टलवर नावापुढे 'सक्रिय' असं हिरव्या अक्षरात येतं. कळप पाथरीच्या अंगाला आहे. दैवशाला बाभळ सापडली की परमेश्वरच्या नंबरावर फोन लावते, आणि मामा शेजारी उभे राहून फोन मागत नाहीत.

कपाशीच्या नांग्या, म्हणजे मोकळ्या पडलेल्या जागा, भरून झाल्या. रोप चांगलं उठलंय. परमेश्वरनं सांगून पाहिलं, की आता गेलात तरी चालेल. सोनूबाई म्हणाली, कुणी आलं तर?

रस्त्यावर जीपचा आवाज झाला की ती उठते, पदरानं पाटी पुसते आणि कोकरू काखेत घेऊन उभी राहते. जीप पुढं निघून जाते. कोकरू आता मोठं झालंय, उचलता उचलवत नाही.